नकाशावरचा पाहुणा

त्या दिवशी आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. दिवसभर लख्ख ऊन होतं आणि संध्याकाळी वारा असा पडला, की नदीपलीकडे कुणी खाकरलं तरी इकडे ओट्यावर ऐकू यावं. हे मुद्दाम सांगतो. पूर म्हटला की तुम्हा पोरांच्या डोळ्यांपुढे विजा, वादळ, मोडून पडलेली झाडं येतात. तसलं काही नव्हतं. पाऊस पडला होता तो वर, लांब डोंगरात, आपल्याला त्याचा आवाजही येणार नाही इतका लांब. पाणी तेवढं आपल्याकडे यायला निघालं होतं.

तारीख एकोणीस, वार मंगळवार. माझ्या भाचीचे यजमान, आपले जावई, यांच्या बाबतीत घडलेली ही गोष्ट. तुम्ही पाहिलंय त्यांना. जाड चष्मा, आणि बोलायला लागले की टाळूवर हात फिरवतात, ते. थट्टेखोर माणूस नाही. खोटं बोलायचं म्हटलं तरी त्यांना जमायचं नाही.

दिवा बारीक करा जरा. डोळ्यांवर येतो.

तर जावई नकाशाचं काम करतात. मी सुतार माणूस, अक्षरओळख सहीपुरती. पण त्यांनी मला चार वेळा समजावून सांगितलं, म्हणून मला समजलं तसं सांगतो. नकाशा एकच असतो. पण तो एकाच वेळी दहा जणांपुढे उघडा. धरणावर साहेबांच्या टेबलावर तोच, ऑफिसात जावयांपुढे तोच, गल्लीत फिरणाऱ्या माणसाच्या फोनमध्येही तोच. एकाने बोट लावलं की बाकीच्यांना तिथल्या तिथे दिसतं.

मी म्हटलं, "म्हणजे एका ताटात दहा जणांनी जेवावं तसं?"

"तसंच मामा," ते म्हणाले, "फक्त कुठला घास कुणी उचलला ते लिहिलेलं राहतं."

नकाशावर प्रत्येक घराचा एक चौकोन. घरात माणसं असतील तर लाल. घर रिकामं झालं की हिरवं. काही सांगायचं असेल तर चौकोनापाशी चिठ्ठी लिहायची. काम करणाऱ्या प्रत्येकाचा एक रंगीत ठिपका, शेजारी त्याचं नाव. ज्याच्या हातात फोन आहे, तो चालेल तसा त्याचा ठिपका नकाशावर चालतो. आणि गावातल्या लोकांनाही काही कळवता यावं म्हणून नकाशा सगळ्यांना उघडा ठेवला होता. नाव न सांगता कुणी आत आला, तर मशीन त्याला आपणहून राखाडी ठिपका देतं आणि शेजारी लिहितं, 'पाहुणा'.

एवढं लक्षात ठेवा. पुढे मी परत सांगणार नाही.

संध्याकाळी साडेसातला जावई घरून निघाले. भाचीला म्हणाले, "जरा नकाशा लावून देऊन येतो. तासाभराचं काम."

भाची म्हणाली, "तुमचा तास मला माहितीये. मी कडी लावून झोपते. उगाच दार बडवू नका, पोर उठते."

ऑफिस म्हणजे पाण्याच्या टाकीसमोरची वरची खोली. तीन टेबलं, कपाटावर जुन्या कागदांची भेंडोळी, आणि एक पंखा, तो दोनवरच फिरतो. त्या रात्री तिथे जावई एकटेच होते. धरण भरत आलं होतं. पहाटे साडेतीनला दरवाजे उचलायचे ठरले होते, आणि त्याच्या आत नदीकाठची खालची गल्ली रिकामी करायची होती. बेचाळीस घरं. नऊ वाजता भोंगा लावलेली गाडी फिरली. माणसं पोरंबाळं, गाठोडी घेऊन वर शाळेत जाऊन बसली. गल्लीत घरोघर जायला होता औषधाच्या दुकानातला कंपाउंडर. तोंडाने आगाऊ, मनाने चांगला. आपणहून आला होता.

जावयांनी नियम घालून दिला होता. दाराला हात लावल्याशिवाय घर हिरवं करायचं नाही. हाक मारून नाही, बघून नाही. दार वाजवायचं, ढकलायचं, आत डोकवायचं, मग हिरवं. चांगला नियम होता. एक वाजेपर्यंत एकतीस घरं अशीच हिरवी झाली.

मग साहेबांचा फोन आला. धरणावरून.

"अरे, अकरा घरं लाल दिसतायत अजून."

"होतायत साहेब. माणूस एकच आहे खाली."

"हे बघ, साडेतीनला दरवाजे उचलायचे म्हणजे उचलायचे. धरण माझ्यासाठी थांबणार नाही. मला गल्ली हिरवी दिसू दे, म्हणजे मी पण माणसासारखा श्वास घेईन."

एक वाजून वीस मिनिटांनी कंपाउंडरचा फोन. "नकाशेवाले, उरलेली अकरा पण मोकळी आहेत बरं का. कोपऱ्यावरून हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. एक दिवा नाही. शेवटच्या घराला तर बाहेरून कुलूप लोंबतंय, बॅटरीत दिसलं."

"दारांना हात लावलात?"

"अहो, दारं काय नवरी आहेत हात धरायला? नदी पायरीला लागलीये. चिखलात माझी एक चप्पल गेली. दुसरी घालवू?"

जावयांनी फोन ठेवला. नकाशावर एक सोय असते. बोटाने वेढा काढला की वेढ्यातली सगळी घरं एकदम रंगतात. त्यांनी वेढा काढला. अकरा घरं हिरवी झाली.

"मामा," ते मला म्हणाले, "दोन सेकंद लागले. तेवढेच."

घड्याळात एक पस्तीस झाले होते, तेव्हा तो आला.

राखाडी ठिपका. शेजारी लिहिलेलं, 'पाहुणा'.

आधी त्यांना वाटलं, शाळेत बसलेलं कुणीतरी पोर फोनशी खेळतंय. पण ठिपका शाळेत नव्हता. तो नदीत होता. काठावर नाही... मधोमध. जिथे धार सगळ्यात खोल, तिथे. फोन कधी कधी जागा चुकवतात, दहा-वीस पावलं इकडे तिकडे दाखवतात. जावई म्हणाले, चुकला असेल.

ठिपका चालायला लागला. माणूस चालतो त्या चालीने. सरळ काठाला आला. पायऱ्या चढला. गल्लीत शिरला. पहिल्या घरापाशी थांबला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. दर घरापाशी थोडा थोडा थांबत होता, दार वाजवून वाट बघावी तसा. बेचाळीस घरं. जावई बघत राहिले. अर्धा तास गेला असेल.

शेवटच्या घरापाशी तो थांबला तो थांबलाच.

आणि घर लाल झालं.

जावयांनी हिरवं केलं. लाल झालं. त्यांनी परत हिरवं केलं. परत लाल. मग त्यांना राग आला. जिथे एकमेकांना लिहिता येतं, तिथे त्यांनी लिहिलं, 'कोण आहे? कामात खेळ करू नका.'

पलीकडचा माणूस लिहायला लागला की तिथे तीन टिंबं हलतात. ती हलली. बराच वेळ हलली. मग थांबली. काहीच आलं नाही.

कंपाउंडरला फोन लावला. "शेवटच्या घरापाशी कोण उभं आहे?"

"कुणी नाही. मी कोपऱ्यावरच आहे, अख्खी गल्ली दिसतेय."

"नीट बघा."

"अहो नकाशेवाले, चांदणं पडलंय टिपूर. मांजर गेलं तरी दिसेल. आणि त्या घराला कुलूप आहे म्हटलं ना! कुलपाच्या आत कोण झोपतं?"

जावयांनी घर हिरवं केलं आणि नकाशाचं दार बंद केलं. म्हणजे ज्यांची नावं यादीत आहेत तेवढेच आत, बाकीचे बाहेर. असं केलं की पाहुण्यांचे ठिपके विझतात.

हा विझला नाही.

घर लाल झालं. आणि चौकोनापाशी एक चिठ्ठी आली. एकच शब्द.

'दोघं.'

लगेच साहेबांचा फोन. "अरे, ते एक घर काय सारखं लाल-हिरवं करतोयस? अडीच वाजत आले. माणसं आहेत का नाहीत?"

जावई काय सांगणार? बाहेरून कुलूप आहे. हाकेला ओ नाही. कंपाउंडर म्हणतो रिकामं. आणि नाव नसलेला कुणीतरी म्हणतो, आत दोघं आहेत. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाहीत साहेब."

"मग हिरवं कर आणि सोड."

त्यांनी केलं. या वेळी ते हिरवंच राहिलं.

ठिपका मात्र तिथून निघाला.

गल्लीतून वर आला. कंपाउंडरच्या ठिपक्याला लागून पुढे गेला. बाजारपेठेतून वळला. जावई बघत होते. शाळेकडे वळेल, वाटलं. वळला नाही. टाकीकडे आला. ऑफिसच्या रस्त्याला लागला. ऑफिसपाशी आला...

थांबला.

खाली जिना आहे लाकडी. मीच केलेला. मांजर चढलं तरी तिसरी पायरी वाजते. जावयांनी कान दिला. पायरी वाजली नाही. पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

ठिपका चौकोनाच्या आत आला.

नकाशात जिना दिसत नाही. खोली दिसत नाही. नुसता ऑफिसचा चौकोन. त्यात जावयांचा निळा ठिपका. आणि तो राखाडी. दोघांत बोटभर अंतर. मग अर्धं बोट. मग...

एकावर एक.

निळा दिसेनासा झाला. वर राखाडी.

वास आला. बंद विहिरीचं झाकण काढलं की येतो ना... तसा. मागून.

"मामा," जावई मला म्हणाले, "मी मागे नाही बघितलं."

मी विचारलं, "किती वेळ?"

ते नुसते टाळूवर हात फिरवत राहिले.

मग राखाडी ठिपका बाजूला झाला. बाहेर गेला. रस्त्यावर जाऊन उभा राहिला. दोन पावलं गल्लीकडे. थांबला. परत दोन पावलं. थांबला. लहान पोराला बोट धरून न्यायचं असतं, तेव्हा आपण करतो तसं.

दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. जावई उठले, साहेबांना फोन केला, "घर परत लाल करतोय. मी स्वतः जातो." साहेब ओरडत होते ते ऐकायला थांबले नाहीत. फोन गाडीच्या हँडलला अडकवला, नकाशा उघडाच ठेवला, गाडी सुरू केली.

नकाशावर तो पुढे. वीस पावलं पुढे. गाडीच्या उजेडात रस्ता मोकळा. जावयांनी वेग वाढवला, तरी वीसच पावलं. कमी केला, तरी वीसच. उजेडात कुणी नाही. खाली बघितलं की आहे. वर बघितलं की नाही.

गल्लीच्या तोंडाशी कंपाउंडर भेटला. एका पायात चप्पल. जावयांचं तोंड बघून त्याने थट्टा केली नाही. दोघं चिखलातून शेवटच्या घराशी गेले. पाणी उंबऱ्याला लागलं होतं. कुलूप होतं, मोठं, पितळी. जावयांनी दारावर थाप मारली. आतून काही नाही. परत मारली.

काही नाही.

गाडीच्या डिकीतला लोखंडी दांडा कोयंड्यात घालून दोघांनी जोर केला. कोयंडा उपटून आला. दार उघडलं.

आत खाटेवर एक म्हातारा बसला होता. मांडीवर चार-पाच वर्षांची नात, जागी. म्हाताऱ्याच्या पायात चपला. पोरीच्या अंगात बाहेर जायचा फ्रॉक, बटणं वरखाली लावलेली. दोघं दाराकडे बघत बसली होती. तयार.

त्या पोरीची आई बिस्किटांच्या कारखान्यात रात्रपाळीला. म्हाताऱ्याला विसर पडायचा, रात्री उठून कुठेही चालायला लागायचा. म्हणून ती बिचारी रोज बाहेरून कुलूप घालून जायची. साडेआठला गेली, गाडी फिरली नऊला. कारखान्यात फोन दारावरच काढून घेतात. तिला कोण सांगणार? आणि म्हातारा दोन्ही कानांनी ठार बहिरा.

कंपाउंडरने हाताने खुणा करून विचारलं, "चपला घालून का बसलात आजोबा?"

म्हातारा म्हणाला, "तो सांगून गेला ना मघाशी. चला म्हणाला."

"कोण?"

म्हाताऱ्याने ऐकलं नाही. किंवा...

असो. कंपाउंडरने पोरीला खांद्यावर घेतलं, जावयांनी म्हाताऱ्याला. बाहेर आल्यावर जावयांनी उघड्या दाराला हात लावला, चांगला तळवा टेकवून, आणि मग घर हिरवं केलं. तीन वाजून बारा मिनिटं. साडेतीनला दरवाजे उचलले. चारच्या आत गल्ली पाण्याखाली होती. त्या घराच्या दाराला पाण्याची रेघ वरच्या चौकटीपाशी आहे. कोयंडा नंतर मीच बसवला, रेघ माझ्या डोळ्यांनी पाहिलीये.

तुम्हाला वाटेल, झाली गोष्ट. मलाही तसंच वाटलं होतं.

सव्वाचारला जावई ऑफिसात परत आले. अंग चिखलाने भरलेलं, पण मन हलकं झालं होतं. माणसाचं असंच असतं. दोन जीव आपल्या दोन सेकंदांपायी गेले असते, ते वाचले. रडूही येत होतं. नकाशा उघडला तर राखाडी ठिपका नदीच्या काठाशी. हलत नव्हता.

आता आपल्या माणसांची रीत काय? कुणी उपकार केले की आपण काय म्हणतो? तोंडात बसलेलं असतं ते. जावयांनी लिहिलं, 'फार उपकार झाले. आपली ओळख नाही. एकदा घरी या.'

तीन टिंबं हलली.

बराच वेळ हलली.

मग उत्तर आलं. 'बरं.'

आणि ठिपका विझला.

जावई म्हणाले, "मला बरंच वाटलं मामा तेव्हा. म्हटलं, माणूस आहे कुणीतरी. भला माणूस."

साडेसहाला ते घरी पोचले. कडी आतून लावलेली होती. भाचीने उघडली, डोळे चोळत.

"कुणी आलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"कोण येणार या वेळेला? आणि हे काय, लोळून आलात की काय चिखलात? आधी मोरीत जा."

पोर आत झोपली होती. सगळं जागच्या जागी. जावई मागच्या पायरीवर बसले. नकाशा बंद करायचा राहिला होता, म्हणून फोन काढला. खालची गल्ली सगळी हिरवी. बाकीचा गाव बिनरंगाचा, कारण वरच्या भागाला पुराची भीतीच नव्हती, तिथल्या घरांना रंग कुणी दिलेलाच नव्हता.

एक चौकोन लाल होता.

वर. चढावर. नदीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर.

त्यांचं घर.

त्यांनी बोटाने मोठं करून बघितलं. चौकोनापाशी चिठ्ठी होती.

'चार.'

घरात ते, भाची आणि पोर. जावयांनी मोजलं. परत मोजलं. माणूस काय काय करतो बघा... परत मोजलं.

मग त्यांनी बोट नेलं, घर हिरवं करायला. आणि बोट तसंच वर राहिलं. हिरवं म्हणजे काय? घर रिकामं. आत कुणी नाही. त्यांचं बोट काही खाली जाईना. हिरवं करवेना, लाल बघवेना. तो चौकोन आजही लाल आहे म्हणतात. मी विचारत नाही.

फोन खिशात घातला तोवर कुंपणापलीकडून शेजारच्या काकू दुधाची पिशवी घेऊन येत होत्या. साध्या बाई. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. जावयांना बघून हसल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि आवाज जरा खाली आणून म्हणाल्या,

"पाहुणे उठले का हो तुमचे? पहाटे आत जाताना बघितले मी. पार निथळत होते बिचारे... कोरडे कपडे तरी दिलेत ना त्यांना?"